गव्हाच्या मुळावर गाठी: औषधाआधी सूत्रकृमीची जात ओळखा

प्रश्न थोडक्यात असा. राहणे ठाण्यात, घोडबंदर रोडला. शेत मुरबाड तालुक्यात, गावी धाकटा भाऊ बघतो. भात काढल्यावर बोअरच्या पाण्यावर २० गुंठे गहू केला, पेरणी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. पीक आता दीड महिन्याचे आहे. तीन-चार जागी लांबट चट्टे पिवळे पडलेत, फुटवे कमी आहेत, युरिया मारूनही पीक उठत नाही. उपटून पाहिले तर मुळांवर बारीक गाठी. खतवाला सांगतो थिमेट टाका. नेटवर गव्हाचा ‘मोल्या’ रोग वाचून भाऊ धास्तावला आहे. शेजारच्या १० गुंठ्यांत फेब्रुवारीत भेंडी लावायची आहे आणि गहू निघाल्यावर याही जागेत भेंडीच करायचा विचार आहे. करावी का?

भेंडी करावी की नाही, हे त्या गाठी कोणाच्या आहेत यावर ठरेल. सूत्रकृमी म्हणजे मुळात शिरून जगणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा धाग्यासारखा किडा. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची एक जात भेंडीवर पोसते, दुसरी भेंडीवर उपाशी राहते. म्हणजे एकाच खाचरात भेंडी हे एका जातीवरचे औषध आणि दुसरीचे खाद्य ठरू शकते. तेव्हा खिशात हात घालण्याआधी महिना-सव्वा महिना ओळख पटवण्यात घालवा. या महिन्यात गव्हाचे आणखी फारसे बिघडणार नाही, कारण उभ्या गव्हात करण्यासारखे तसेही थोडेच असते.

पहिली गोष्ट थिमेटची. थिमेट म्हणजे फोरेट. देशात त्याची विक्री आणि वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. जुन्या शिफारशींत ते अजून छापलेले सापडते आणि काही दुकानांत मागच्या दाराने मिळतेही. घेऊ नका. हे अतिशय जहाल विष आहे, पाण्याबरोबर खाली उतरते आणि तुमचे बोअर त्याच शेतात आहे. शिवाय ४५ दिवसांच्या गव्हाच्या गाठीत बसलेल्या मादीपर्यंत वरून फेकलेले दाणेदार औषध पुरेसे पोहोचत नाही. कार्बोफ्युरानची गोष्टही वेगळी नाही: २०२३ च्या केंद्राच्या आदेशानंतर त्याचे फक्त ३ टक्के दाणेदार रूप, तेही लेबलवर असलेल्या पिकांपुरते, शिल्लक आहे. फ्लुओपायरम, फ्लुएनसल्फोन ही नवी सूत्रकृमीनाशके आहेत, पण ती मुख्यतः भाजीपाल्यासाठी आहेत आणि महाग आहेत. फ्लुएनसल्फोन तर लागवडीआधीच मातीत मिसळावे लागते. लेबलवर तुमच्या पिकाचे नाव नसेल तर दुकानदार काहीही सांगो, बाटली परत ठेवायची.

आता मोल्याची भीती. मोल्या रोग करणारी सूत्रकृमी वेगळी आहे, तिला कोष सूत्रकृमी म्हणतात. १९५० च्या दशकात राजस्थानात सीकर भागात ती भारतात पहिल्यांदा नोंदली गेली. पुढे हरियाणा, पंजाब, दिल्लीकडेही सापडली. तिला हलकी, वाळूसर जमीन आणि खरी थंडी लागते. वर्षाला तिची एकच पिढी होते. मादी मेली की तिचे शरीरच तपकिरी, लिंबाच्या आकाराचा कोष बनते आणि आत दोन-चारशे अंडी वर्षानुवर्षे टिकतात. पेरणीनंतर साधारण ६० ते ७५ दिवसांनी मुळांवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे मणी चिकटलेले दिसले तर ती. तिकडे राज एमआर-१ हा प्रतिकारक गहू आहे. मुरबाडच्या भातखाचरात, ओलाव्याच्या भारी मातीत आणि कोकणच्या बेताच्या थंडीत ही येईल असे मला वाटत नाही. भावाला सांगा, नेट बंद करून फावडे घे.

नेटवर दुसरे एक नाव दिसेल, कणसात काळ्या-तपकिरी गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचे. वनस्पतीवर जगणारी ही पहिली ओळखली गेलेली सूत्रकृमी, १७४३ साली इंग्लंडमध्ये नीडम यांनी भिंगाखाली पाहिलेली. एका गाठीत हजारो पिल्ले सुकून पडलेली असतात आणि ती कोरडी राहिली तर पंचवीस-तीस वर्षांनीही पाणी लागताच वळवळतात. ती मुळांवर नसते. पाने सुरकुततात, कणसात दाण्याऐवजी गाठी भरतात आणि ती बियाण्यातून येते. तुम्ही घरचे किंवा शेजाऱ्याचे बी पेरत असाल तर पुढच्या वर्षी एवढेच करा: १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी ओता, ढवळा, वर तरंगलेले सगळे काढून जाळा, खाली बसलेले बी साध्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवा. मीठ नीट धुतले गेले नाही तर उगवण मार खाते. एवढ्यावर हा विषय संपतो.

उरल्या दोन खऱ्या शंका, आणि दोन्ही मूळगाठ सूत्रकृमीच्याच.

एक भातावरची जात, मेलॉयडोगायनी ग्रॅमिनिकोला. हिला गवतवर्ग आवडतो: भात, गहू आणि बांधावरचे गवत. उत्तरेच्या भात-गहू पट्ट्यात ही मोठी डोकेदुखी आहे. दुसरी भाजीवरची, मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा, आणि तिची जोडीदार जॅव्हानिका. भेंडी, वांगी, टोमॅटो, काकडी, वाल, हरभरा यांवर ती पोसते. गव्हावरही थोडी जगते, पण तिथे गाठी लहान आणि तुरळक असतात. पुढे सोयीसाठी मी ‘भाताची’ आणि ‘भाजीची’ असेच म्हणतो.

दोघींचे कसब एकच. पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर लांब, काचेच्या धाग्यासारखे. ते मुळाच्या टोकातून आत शिरते आणि एका जागी बसून भोवतीच्या पेशींना फुगवते. त्या फुगलेल्या पेशी झाडाचे अन्न मादीकडे वळवतात. मुळाची वाढ तिथेच थांबते, वर पाणी-अन्न कमी जाते. म्हणून युरिया दिला तरी पीक पिवळे राहते: खत मातीत आहे, पण ते उचलणारी मुळेच आखडलेली आहेत. एक मादी दोनशे ते पाचशे अंडी घालते. उन्हाळी उबेत एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते, थंडीत त्याहून बरीच लांबते. निफाडकडे डिसेंबरात माती इतकी गार होते की भाजीच्या जातीची पिल्ले मुळात शिरायची जवळजवळ थांबतात, १८ अंशांखाली त्यांचा जोर ओसरतो. ठाणे जिल्ह्यात माती तेवढी गार क्वचितच होते. म्हणून घाटावरचा ‘गहू घेतला की सूत्रकृमी बसते’ हा ठोकताळा इथे जसाच्या तसा लावू नका.

दोघींत फरक पडतो तो पाण्याने. भाजीची जात साचलेल्या पाण्यात टिकत नाही. तीन-चार महिने पाणी धरून भात घेतला की तिची संख्या चांगलीच खाली येते. भाताची जात मात्र पाणी साचले असताना मुळात नव्याने शिरत नाही इतकेच. आधी शिरलेली मुळातच सुखरूप राहते आणि खाचर निथळले की पुन्हा कामाला लागते. त्यामुळे खोल खाचर आणि वरकस, म्हणजे पाणी न साचणारी उंचावरची जमीन, यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. वरकसावर वर्षानुवर्षे भाजी होत असेल तर भाजीच्या जातीचा संशय आधी घ्या. खाचरात भातावर गहू असेल तर भाताच्या जातीचा.

डोळ्यांनी किती कळते? बरेच कळते, पण झाड उपटू नका. उपटताना बारीक मुळे आणि त्यांच्या गाठी मातीतच राहतात आणि हातात निरोगी दिसणारे मूळ येते. फावड्याने वीतभर खोल, मातीच्या ढेकळासह उचला, बादलीत तासभर भिजवा, मग हलक्या हाताने धुवा. पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन मुळे पसरा. भाताची जात असेल तर गाठी मुळाच्या टोकावर दिसतात आणि टोक आकड्यासारखे वळलेले असते. ही तिची सर्वांत भरवशाची खूण. भाजीची असेल तर गाठी मुळाच्या अधेमधे, मण्यांच्या माळेसारख्या असतात. गाठ नाहीच, पण मूळ जागोजाग तपकिरी, खरवडल्यासारखे दिसते आणि बारीक मुळे गळाली आहेत, तर तिसरीच शक्यता येते: मूळव्रण सूत्रकृमी, प्रॅटिलेंकस. तिचे पुढे सांगतो.

पाहणी करताना चट्ट्याच्या मधोमधची झाडे घेऊ नका, ती इतकी खंगलेली असतात की मुळेच उरलेली नसतात. चट्ट्याच्या कडेची, जिथे पिवळे आणि हिरवे मिळते तिथली घ्या. आणि शेजारच्या बांधावर वाल असेल तर त्याच्या मुळावरच्या गाठींना घाबरू नका. त्या जिवाणूंच्या असतात: नखाने सहज सुटतात आणि फोडल्या तर आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ मुळाचाच भाग असते, ती सुटत नाही, मूळच तुटते.

हे चट्टे नक्की सूत्रकृमीचेच आहेत का, ही शंकाही काढून टाका. जस्ताच्या कमतरतेने गहू असाच पिवळा पडतो. चट्ट्याच्या अर्ध्या भागावर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरलेला चुना मिसळून फवारा. चुना आधी वेगळा भिजवून गाळून घ्या, नाहीतर नोझल अडकते. आठ-दहा दिवसांत तो भाग हिरवा झाला तर अर्धे दुखणे जस्ताचे होते. वाळवी असेल तर झाड पिवळे न पडता वाळते आणि नुसते ओढले तरी हातात येते. पाणी तुंबल्याचे पिवळेपण खाचराच्या सखल कोपऱ्यात असते. सूत्रकृमीचा चट्टा मात्र उंच-सखल बघत नाही. तो नांगराच्या दिशेने लांबत जातो, कारण ही सूत्रकृमी स्वतःहून वर्षाला मीटरभरही सरकत नाही. तिला फिरवतो तो रोटाव्हेटर, वरच्या खाचरातून खालच्यात उतरणारे पाणी आणि रोपांच्या मुळाला चिकटलेली माती.

आता ती घरगुती चाचणी, जी तुम्ही ठाण्यातल्या बाल्कनीतच करू शकता. भावाला चट्ट्यांच्या कडेच्या दहा-बारा जागांवरून, वरची दोन बोटे माती बाजूला सारून १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची, मुळांसकट साधारण १५ किलो माती आणायला सांगा. जानेवारीत दिवसाचे ठाण्याचे तापमान या कामाला फार सोयीचे असते. माती हाताने मोकळी करा, चाळू नका, उन्हात ठेवू नका. पाच कुंड्या भरा, प्रत्येकी अडीच-तीन किलो. पहिलीत भेंडी, दुसरीत भात, तिसरीत भुईमूग, चौथीत गहू. पाचवीत तीच माती घ्या, पण तिच्यावर दोनदा उकळते पाणी ओतून थंड होऊ द्या आणि मग भेंडी लावा. ही तुलनेची कुंडी. तिच्याशिवाय गाठी कमी की जास्त हे ठरवता येत नाही. प्रत्येक कुंडीत चार-पाच झाडे ठेवा. माती ओली हवी, चिखल नको. भाताच्या कुंडीतही पाणी साचवू नका, नाहीतर वर सांगितलेल्या कारणाने शिरकाव होणार नाही आणि निकाल खोटा येईल. बशीत पाणी ठेवू नका आणि एका कुंडीचे पाणी दुसरीत वाहू देऊ नका.

४० दिवसांनी कुंडी उपडी करून मुळे धुवा. भातावर आकडेदार गाठी आणि भेंडी स्वच्छ, किंवा भेंडीवर नावापुरत्या गाठी, म्हणजे भाताची जात. भेंडीवर जाड गाठी आणि भातावर नगण्य, म्हणजे भाजीची. दोघांवर भरपूर, म्हणजे दोन्ही आहेत आणि तसे असणे अजिबात दुर्मीळ नाही. भुईमुगाची कुंडी पुढच्या पिकासाठी लावायची. कोठेच गाठ नाही, पण गहू मात्र खुरटला, तर मूळव्रण किंवा मुळात सूत्रकृमीच नसण्याची शक्यता. निकाल लागला की ती माती सोसायटीच्या बागेत टाकू नका. उकळते पाणी ओता, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून महिनाभर गच्चीवर उन्हात ठेवा, मग टाका.

याबरोबरच एक नमुना प्रयोगशाळेत पाठवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवरच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आणि त्यांच्या कर्जत केंद्राकडेही चौकशी करा. इथे एक चूक हमखास होते. खतासाठीचा मातीचा नमुना आपण सावलीत वाळवतो, चाळतो आणि पाठवतो. सूत्रकृमीचा नमुना वाळला की मेला. ओली माती अर्धा किलो आणि १० ग्रॅम मुळे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून, दोन-तीन दिवसांत पोहोचवा. फ्रीझरमध्ये नको. गाडीच्या डॅशबोर्डवर अर्धा तास राहिला तरी नमुना बाद समजा. चट्ट्याचा एक आणि निरोगी जागेचा एक असे दोन वेगळे नमुने द्या, पिशवीवर पीक, पेरणीची तारीख आणि आधीचे पीक लिहा.

अहवालात चार-पाच नावे आणि त्यांपुढे आकडे असतील. घाबरून जाऊ नका. हर्शमॅनिएला दिसली तर ती भातमुळाची, गव्हाला फारशी नडत नाही. मुक्तजीवी सूत्रकृमी जितक्या जास्त तितके बरे, त्या जिवाणू-बुरशी खातात आणि शेणखताच्या जमिनीत भरपूर असतात. लक्ष द्यायचे ते मेलॉयडोगायनीच्या आकड्याकडे. एका ग्रॅम मातीत एक-दोन पिल्ले, म्हणजे २०० ग्रॅमला २०० ते ४००, ही काळजीची पातळी धरतात.

उभ्या गव्हाचे काय करायचे? जगवायचा. मुळे आखडलेली असल्याने पाणी कमी आणि वेळेवर द्या, दांडाने भरभरून नको. पाणी निरोगी भागातून चट्ट्याकडे जाऊ द्या, उलट नको. उरलेला युरिया एकदम टाकू नका. हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश १२०:६०:४० किलो या प्रमाणात २० गुंठ्यांना वरखताचा युरिया साधारण २६ किलो बसतो. तो पुढच्या वेळी २१ व्या आणि ४० व्या दिवशी १३-१३ किलो असा विभागा. आता २१ व्या दिवसाचा दिला असेल तर फुलोऱ्याआधी १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरियाची एक फवारणी पानांवर द्या, मुळांना वळसा घालून झाडाला नत्र मिळते. कोवळ्या उन्हात किंवा संध्याकाळी फवारा, दुपारी पाने करपतात. दाणे खाण्याला आणि कोंडा-भूसा गुरांना घालायला काहीच हरकत नाही. सूत्रकृमी मुळात आहे, दाण्यात नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला कुंड्यांचा निकाल हाती येईल. शेजारच्या १० गुंठ्यांची भेंडी तोवर थांबवा. मुरबाड-शहापूरकडे भेंडीला बाजार चांगला असतो हे खरे, पण पंधरा दिवस उशिरा लावलेली भेंडी गाठी धरलेल्या भेंडीपेक्षा केव्हाही जास्त देते.

निकाल भाताच्या जातीचा आला तर भेंडी खुशाल करा, इथेच करा. भात आणि गहू यांच्यामध्ये गवतवर्गाबाहेरचे पीक आले की तिला खायला कमी पडते. अट एकच: त्या भेंडीत सावा आणि लव्हाळा औषधाला राहू देऊ नका, दोन्हीवर ती जगते. बांधावरचे गवतही छाटा. गव्हाऐवजी येत्या रब्बीत हरभरा, मोहरी किंवा तीळ घ्या, दोन वर्षे गहू नको. आणि भात कापल्यावर खोडव्याला जे हिरवे फुटवे येतात ते डिसेंबरपर्यंत उभे राहू देऊ नका. गुरांना चारा होतो म्हणून लोक ते ठेवतात आणि त्यावर सूत्रकृमीची आणखी एक पिढी निघते. कापणीनंतर आठवड्याभरात नांगर घाला.

पण या जातीची खरी दुरुस्ती राबात, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेत होते, गव्हात नाही. रोपे राबातूनच गाठी घेऊन खाचरात येतात. पावसाआधी राब भाजण्याची आपली पद्धत, पालापाचोळा-शेण पसरून जाळण्याची, वरच्या दोन-चार बोटे मातीतल्या सूत्रकृमीला मारते, तणाचे बीही मारते. म्हणून ती टिकली. खाली मात्र उष्णता फार उतरत नाही आणि दरवर्षी डोंगरातला पाला खरवडून आणणे हे डोंगराचे नुकसानच. त्याऐवजी प्लॅस्टिक वापरा. २० गुंठे भाताला २ गुंठे रोपवाटिका लागते, म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जागा नांगरून ढेकळे फोडा, दगड-काटक्या वेचा, चांगले ओलवा. दुसऱ्या दिवशी २५ मायक्रॉनचा, म्हणजे १०० गेजचा, पारदर्शक कागद ताणून पसरा. कडा वीतभर चरात गाडा. कडांसकट २४० चौरस मीटर धरले तर सुमारे साडेपाच-सहा किलो कागद लागतो. पाच-सहा आठवडे हलवू नका. काळा कागद घेऊ नका, तो स्वतः तापतो, खालची माती तेवढी तापत नाही. माती कोरडी असेल तर उष्णता खाली जात नाही. आणि कागद मातीला चिकटलेला हवा. मध्ये हवेचे फुगे राहिले तर परिणाम अर्ध्यावर येतो. गुरे कागदावर चालली, भोके पडली तर तिथल्या तिथे चिकटपट्टी लावा. कागद काढल्यावर खोल नांगरू नका, खालची न तापलेली माती वर येते.

कागद काढल्यानंतर २ गुंठ्यांत ४० किलो निंबोळी पेंड मिसळा, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम, आणि दोन-तीन आठवडे कुजू द्या. ताजी पेंड टाकून लगेच बी फेकले तर उगवण बिघडते. एप्रिलमध्ये सुरू केले तरच हा हिशेब जूनच्या पेरणीशी जुळतो. शेणखत घालणार असाल तर पूर्ण कुजलेले, आणि त्यात ट्रायकोडर्मा, सुडोमोनास आणि पर्प्युरिओसिलियम ही तिन्ही प्रत्येकी टनाला २ किलो मिसळून सावलीत ओले ठेवून पंधरा दिवस, मध्ये दोनदा पलटून, मुरवलेले. पर्प्युरिओसिलियम ही अंडी खाणारी बुरशी आहे. बाजारात तिचे जुने नाव पॅसिलोमायसेस असेही दिसेल, माल तोच. पाकिटाची मुदत आणि साठवण बघा. उन्हात पडलेले पाकीट म्हणजे नुसती पावडर. उभ्या गव्हात ही पाकिटे टाकून या हंगामात फरक दिसेल अशी आशा ठेवू नका.

लावणीनंतर खाचरात पाणी सुरुवातीपासून टिकवा. वारंवार सुकवून-ओलावून भात घेण्याची पद्धत पाण्याच्या बचतीला चांगली, पण या जातीला ती आमंत्रण आहे. जिथे गाठी सापडल्या त्या खाचरात पहिले चाळीस दिवस ती करू नका. थेट पेरणीचाही मोह टाळा.

निकाल भाजीच्या जातीचा आला तर भेंडी, काकडी, वांगी, टोमॅटो, वाल, हरभरा, सगळ्यांना या जागेत दोन वर्षे रजा. गहू निघाल्यावर मार्चमध्ये उरलेली मुळे उघडी पडतील अशी नांगरट करा आणि दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन पाळ्या घाला. मुरबाडचे एप्रिल-मेचे ऊन ढेकळाआडच्या अंड्यांना सुकवते. प्रत्येक पाळीने नवी माती वर यायला हवी, एकाच फाळाने उथळ खरवडून उपयोग नाही. खरिपात भात घ्या आणि पाणी धरा, हे इथे सर्वांत स्वस्त औषध आहे. पुढच्या रब्बीत भुईमूग: इन्कॉग्निटा भुईमुगावर वाढत नाही. पण जॅव्हानिकाचे काही गोत भुईमुगावर वाढतात, म्हणून ती तिसरी कुंडी. भुईमुगाच्या मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी दिसल्या तर भुईमुगाऐवजी झेंडू.

झेंडूबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. भेंडीच्या ओळीत पाच-दहा झेंडूची रोपे लावून सूत्रकृमी जात नाही. झेंडूच्या मुळातला घटक त्याच्या मुळांच्या जवळच काम करतो, म्हणून शेत झेंडूने दाट भरावे लागते आणि दोन-तीन महिने उभे ठेवावे लागते. फुले तोडून कल्याणच्या फुलबाजारात न्या, झाडे मात्र उपटू नका, तिथेच गाडा. ताग हेही चांगले हिरवळीचे पीक. पेरून ४५-५० दिवसांत, फुलोऱ्याआधी गाडा, नंतर त्याचे खोड चिवट होते आणि कुजत नाही. भाजीच्या रोपांसाठी मात्र बाहेरची, जमिनीच्या वाफ्यावरची रोपे आणू नका. ट्रेमध्ये कोकोपीटवर वाढवलेली घ्या. टोमॅटोचे प्रतिकारक वाण मिळतात, पण माती २८ अंशांवर गेली की त्यांचा प्रतिकार ढासळतो. कोकणच्या उन्हाळ्यात त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

दोन्ही जाती निघाल्या तर निवड अरुंद होते. खरिपात पाणी धरलेला भात, तापवलेल्या राबातल्या रोपांनी. रब्बीत तीळ किंवा झेंडू. भेंडी या २० गुंठ्यांत नको, दुसऱ्या खाचरात. आणि दोन्ही खाचरांत एकच रोटाव्हेटर फिरत असेल तर आधी स्वच्छ खाचर, मग बाधित. नंतर फाळ आणि चाके बोअरच्या पाण्याने तिथेच धुवा, रस्त्यात नाही. भाड्याचा रोटाव्हेटर आला तर तो आल्यावरही धुवा. धुण्याला वीस मिनिटे लागतात, आणि ट्रॅक्टरवाला कुरकुरतो हे गृहीत धरा.

मूळव्रण सूत्रकृमीचा अहवाल आला तर आपली नेहमीची फेरपालट फसते. आपण म्हणतो, गव्हानंतर हरभरा घ्या, जमीन सुधारते. पण प्रॅटिलेंकस थॉर्नाय या जातीला हरभरा गव्हाइतकाच चालतो. तिथे ज्वारी, जवस किंवा सूर्यफूल योग्य. म्हणून अहवालावर नुसते ‘प्रॅटिलेंकस’ लिहिले असेल तर जात कोणती हे विचारा.

येत्या वर्षी गहू करायचाच असेल तर बाधित २० गुंठे सोडून करा. १ ते १५ नोव्हेंबरच्या आत पेरा, २० गुंठ्यांना २० ते २५ किलो बी, दोन ओळींत २० ते २२ सेंटिमीटर. पहिले पाणी १८ ते २१ दिवसांत द्या. मुकुटमुळे त्याच वेळी फुटतात आणि हे पाणी चुकले तर सूत्रकृमी नसतानाही पीक अगदी तुमच्या चट्ट्यांसारखेच दिसते. यंदा ते पाणी कधी दिले होते, एवढे भावाला विचारून घ्या.